नामदेव मिस्त्रींची कुऱ्हाड

आमच्या फुलसावंगीत नामदेव मिस्त्री वायरिंगच्या कामाला यायचे ते खांद्यावर कुऱ्हाड टाकून. टेस्टर खिशात, पक्कड पिशवीत. कोणाच्या घरी बारीक वायरवर मोठी मोटर दिसली, की आधी मेन स्विच पाडायचे आणि मग वायरीचे तुकडे करायचे. घरधन्याला विचारायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. गाव शिव्या द्यायचं, पण बोलवायचं त्यांनाच.

मी पिठाची गिरणी टाकली तेव्हा मीटरपासून शेडपर्यंतचं अंतर त्यांनी स्वतः चालून मोजलं. म्हणाले, "मोटर दहा घोड्यांची हाये, हे दुकानदाराले समजते. पन हे ऐंशी पावलं त्याले कोन सांगन? लांब न्याचं त् केबल जाडच पायजे."

मी दीडशहाणा. दुकानदाराचं ऐकून बारीक केबल आणली आणि दुसऱ्याकडून टाकून घेतली. मोटर कण्हायची, फ्यूज उडायचा. शेवटी फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार पिळून घातली. गिरणी चालू लागली आणि मी मिशीला पीळ दिला.

आठवड्याने मिस्त्री दळण घेऊन आले. डब्याबरोबर कुऱ्हाड होतीच. त्यांनी केबलला तळहात लावला, मेन पाडला आणि दळणाला आलेल्या बायांसमोर माझ्या कानाखाली जाळ काढला. "फ्यूज मराच्याच कामाचा हाये, लेका! त्याले मरू देत नाहीस, मंग दुसरं कोन मरन?"

कुऱ्हाड केबलवर पडू लागली तसं माझं डोकं फिरलं. हातातला लोखंडी पाना मी त्यांच्या कपाळावर हाणला. रक्त त्यांच्या डोळ्यात ओघळलं. डाव्या हाताने डोळा पुसत म्हातारा घाव घालतच राहिला. मी पुन्हा पाना उगारला, तर माझ्या बायकोने, कमलने, हात धरला. "अवो, हे पाहा ना आधी!"

शेडच्या लोखंडी दारावरून गेलेल्या केबलचा तुकडा तिच्या पायाशी पडला होता. तापून वरचं आवरण वितळलं होतं, आतलं तांबं दिसत होतं. अजून दोन-चार दिवसांत ते दाराला टेकलं असतं. ते दार रोज सकाळी कमलच उघडायची. मी पाना खाली ठेवला.

"डोक्याले टाके पडतेत," मिस्त्री म्हणाले. "तू जाड केबल आन."

दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून आले आणि पुन्हा ऐंशी पावलं चालले. माफी मागायचं माझ्याने झालं नाही. त्याची लाज अजून वाटते.

मागच्या महिन्यात मिस्त्री गेले. अंगणात ठेवलं होतं. कपाळावर माझ्या पान्याचा व्रण होता. कमलने त्यावर तळहात ठेवला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, "आता तरी माफी मांगा."

मी मागितली. पहिल्यांदाच त्यांनी मला काही सुनावलं नाही.