पाच खांद्यांचं ओझं

हट्टा गावच्या मशिदीत जनाजा आला की तो आधी फाटकात टेकवायचे. मग गावातले म्हातारे हाजीचाचा पुढे यायचे, मयताच्या खाटेच्या लाकडावर तीनदा टकटक करायचे आणि कान लावून बसायचे. त्यांनी मान हलवली की जनाजा अंगणात जायचा. सुरुवातीला लोक चिडले होते म्हणे, पण पुढे सवय झाली. माझं सुतारकामाचं दुकान फाटकासमोरच होतं. ते ऐकणं पाहिलं की माझ्या अंगावर काटा यायचा, कारण चाचा खरोखर उत्तराची वाट बघत असत.

नव्वद सालानंतर कधीतरी मशिदीची जनाज्याची जुनी खाट मोडली आणि नवी करायचं काम माझ्याकडे आलं. मी बुडाला फळ्या ठोकायला घेतल्या तर चाचांनी माझा हात धरला.

"खालून बंद नको करू, मिस्त्री. आरपार दिसलं पाहिजे."

"काहून, चाचा?"

ते तिथेच लाकडाच्या ढलप्यांवर बसले आणि सांगू लागले. एकोणऐंशी साली ते हजला गेले होते. हज झाली, पण परतीच्या जहाजाला वेळ होता म्हणून मक्केतच राहिले. एका पहाटे काबेच्या मशिदीत शिरताना चार जण जनाजा घेऊन चाललेले दिसले. तो झाकणाच्या पेटीत होता. खांदा देणं पुण्याचं, म्हणून चाचा पाचवे झाले. पेटी जड होती, आणि मागे रडणारं कुणीच नव्हतं.

नमाज संपली आणि गोळ्या सुटल्या. बंदूकवाल्यांनी दारं लावली, मिनारांवर माणसं चढवली आणि आपला महदी, म्हणजे जगाच्या शेवटी येणारा तारणहार, आल्याचं लाउडस्पीकरवरून पुकारलं. चाचा कसेबसे एका खिडकीतून निसटले. आत दोन आठवडे माणसं मरत होती. बंदुका जनाज्याच्या पेट्यांतून आत आल्या, असं त्यांना मागाहून कळलं.

"माझ्या खांद्यावर काय व्हतं, ते आजवर न्हाई कळलं. तेव्हापासून कुणाला खांदाच दिला न्हाई. तू लाकडातला माणूस, बराबर सांग. पेटीत एकच माणूस असला, तर पाच खांद्यांना जड लागंल का?"

मी तर तोवर कुणाला खांदा दिलेला नव्हता. पण मोठा मिस्त्री ना मी! म्हणालो, "पाच जण? फुलासारखी उचलली जाईल, चाचा."

"बराबर," ते म्हणाले आणि उठून गेले. त्यानंतर माझ्या दुकानात ते बसले नाहीत.

दहा-बारा वर्षांनी चाचा गेले. जनाजा फाटकात टेकवला आणि सगळे थांबले. टकटक करणारा माणूस तर खाटेवर होता, पण कुणाचा पाय उचलेना. ऊन तापलेलं, एवढी गर्दी. शेवटी मीच पुढे झालो. तीनदा टकटक केली, कान लावला. लाकूड माझ्याच हातचं होतं, तरी क्षणभर वाटलं, आतून कुणीतरी ऐकून राहिलंय.

मग खांदा दिला. चाचांची नुसती हाडं उरली होती. आम्ही सहा जण होतो, आणि खाट मी हलकीच केली होती. तरीही दांडा खांद्यात रुतला. इतकं जड असतं मेलेलं माणूस! पेटीची तर गोष्टच वेगळी. एका फुशारकीच्या वाक्याने मी त्यांना बंदुका वाहणारा गुन्हेगार ठरवलं होतं, याची मला भयंकर लाज वाटली.

"जड आहे हो, चाचा," मी म्हणालो.

शेजारच्याला वाटलं, मला खांदा बदलायचाय. तो पुढे सरकला, पण कब्रस्तान येईपर्यंत मी दांडा सोडला नाही.