एकशेऐंशी नंबरचं माळरान

तिचं खरं नाव कारखान्यात कुणी घ्यायचंच नाही. सगळ्यांची ती घाशी. कारण बाराव्या वर्षापासून तिला एकच काम, दादाच्या फर्निचरच्या कारखान्यात लाकूड घासायचं. आधी बापाचा मार खाल्ला, बाप गेल्यावर ती गादी दादाने चालवली. हातात लाकडाची पट्टी असली तर पट्टी, नाहीतर कानाखाली. डाव्या कानाने तिला निम्मंच ऐकू यायचं, आणि त्यावरही दादाचा विनोद, "बरंय की, निम्म्या शिव्या वाचतात!"

आणि या घाशीला वेड कशाचं, तर चित्रांचं. गुळगुळीत कागदावर सॉफ्ट पेस्टल धरतच नाही, खडू नुसता घसरतो. पण लाकूड घासून झिजलेला पॉलिश पेपर रंग असा खातो की बास! त्यातही एकशेऐंशी नंबरचा म्हणजे कमाल. टाकून दिलेले पेपर ती उचलायची, ब्रशने भुसा झटकायची आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावर रानफुलांचे माळ काढायची. जांभळी, पिवळी, गुडघाभर गवतात माजलेली फुलं. रंग बोटानेच पसरवायची. बोटं सोलवटायची, कधी कधी रक्तही गवतात मिसळायचं. अशी अकरा चित्रं झाली होती. ती पालथी करून जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यात लपवलेली. मागून सगळे पेपर सारखेच दिसतात ना!

तिथेच घात झाला. रंधा मारणाऱ्या काकांना शेवटचा हलका हात मारायला झिजका पेपर हवा होता. चष्मा कायम कपाळावर. गठ्ठ्यातला वरचा पेपर ओढला आणि त्याच दुपारी गिऱ्हाइकाकडे जायच्या पांढऱ्या लाकडाच्या दारावर फिरवला दणादण. जांभळा रंग लाकडाच्या रेषारेषांत घुसला.

"अरे देवा, दाराला मुका मार लागला की काय!" काका किंचाळले.

दादा आला. दार बघितलं, पेपर बघितला, गठ्ठा उलटा केला. घाशीची रंगलेली बोटं बघितली. सरळ घाशीचे केस धरले आणि तिचं तोंड दारावर आपटलं. ओठ फुटला.

"दादा, मी घासून देते रे, आत्ता देते, फक्त चित्रं नको..."

"चित्रं? कलाकार झाली होय गं! घास मग. ह्यांनीच घास, एकेक करून!"

"मालक, चूक माझी आहे, तिला..." काका मध्ये पडले, तर छातीत कोपर बसलं आणि ते भुशात जाऊन पडले.

तिने घासलं. एक माळ गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. जितकं घासावं तितकं दार आणखी रंगायचं, आणि जितकं रंगायचं तितकी पट्टी पाठीत बसायची. सात चित्रं उरली. पुढचं दादाने स्वतः उचललं, त्यावर थुंकला आणि दारावर टेकवलं.

हातोडी तिच्या हाताशीच होती. तिने त्याच्या मनगटावर घातली. कडकन आवाज आला. मग पुन्हा घातली. दुसऱ्यांदा मारायची काही गरज नव्हती, पण मारली.

दादा गुरासारखा ओरडत खाली बसला, हात भलत्याच बाजूला लोंबत होता. "धरा तिला! अरे धरा!" कुणी जागचं हललं नाही. घाशीने सातही चित्रं गोळा केली, थुंकीचं सुद्धा. मध्ये मध्ये वर्तमानपत्र घातलं आणि गठ्ठा दोन्ही तळहातांवर आडवा घेतला.

"पळ गं पोरी, पळ!" भुशातून काका ओरडले.

"पळता येत नाही काका," ती म्हणाली. "धक्का बसला की रंग झडतो."

आणि ती चालत निघाली, भरलं ताट न्यावं तशी. ओठातलं रक्त गठ्ठ्यावर सांडू नये म्हणून मान एका बाजूला वळवलेली. मागून शिव्या, शिव्यांमागून एक पटाशी भिरभिरत आली आणि कारखान्याच्या दाराच्या चौकटीत रुतली. तरी तिने पाऊल जरासुद्धा जोरात टाकलं नाही.