मायचं 'येजो'

आफ्रिकेहून माहेरी आले आणि पहिल्याच दिवशी घोटाळा करून बसले. बैलांच्या रेंगीतून उतरले, ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "माय, मला पाणी दे गं."

आमच्या घरात 'मला' कुणी म्हणत नसे. गडचिरोलीजवळच्या आमच्या त्या जंगलाकाठच्या गावात सगळे 'मले' म्हणत, 'तुले' म्हणत, आणि बायकासुद्धा बिनदिक्कत 'मी जातो, मी येतो' म्हणत. मीही तसंच बोलत, लग्न होऊन, बोटीनं मोंबाशाला गेले होते. तिथं हळदीकुंकवाला जमलेल्या मराठी बायकांना मी उठता उठता "येतो" म्हटलं, तर एकीनं माझ्या ओठांवर मिशा आहेत का ते वाकून पाहिलं. आधी मी भांडले. भांडून भांडून दमले, तेव्हा त्यांच्यासारखं बोलायला शिकले. जीभ म्हणजे काही लोखंड नव्हे, ती वळली. इतकी वळली, की मायसमोरही ती सरळ होईना.

मायनं पाणी दिलं. पण चारआठ दिवसांनी तीच मला विचारू लागली, "तुला जेवायला वाढू का?" एखादा साहेब दौऱ्यावर आल्यासारखा जपून काढलेला आवाज. मी चमकून पाहिलं, तर तिनं नजर पानावर ठेवली. त्यानंतर सगळं तसंच. माझ्यासाठी पितळेचं चांगलं ताट, खाटेवर धुतलेली चादर. खराटा उचलला तर वहिनी तो हातातून काढून घेई, "ठेवा बाई, तुमी पाहुन्या." मला पाहुणी म्हटलं की माझं डोकं फिरे, पण गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? माय मला एकदाही रागावली नाही. लहानपणी जिच्या तोंडाच्या पट्ट्याला भिऊन शेजारचं कुत्रंसुद्धा आमच्या अंगणात यायचं टाळी, ती माय!

आणि जसजसे दिवस सरत गेले, तसतशी मला एकच धास्ती वाटू लागली. आमच्याकडे निघणाऱ्याला 'येजो' म्हणतात. 'ये' म्हणजे आत्ता ये, हाकेसरशी. 'येजो' म्हणजे तुझ्या सवडीनं ये, पण ये. आम्ही वाट पाहतो आहोत. पुस्तकातल्या मराठीत याला शब्दच नाही. लग्नानंतर निघाले तेव्हा माय एवढंच म्हणाली होती आणि तेवढ्यावर मी इतकी वर्षं काढली होती. आता ती दारात उभी राहून जपलेल्या आवाजात "पुन्हा ये हं" म्हणाली, तर मी बोटीवर काय घेऊन चढायचं? तिचं वय झालं होतं. पुन्हा येणं माझ्या हातात नव्हतं.

शेवटचा दिवस उजाडायच्या आधीच जाग आली. नवरा आणि मुलगा नागपूरला सासरी थांबले होते. दुपारी भाऊ मला रेंगीनं मोटारीपर्यंत सोडणार होता. घर झोपलेलं. म्हटलं, आज तरी एक काम करू, मग खुशाल पाहुणी म्हणा. लहानपणी अंगणात सडा टाकायचं काम माझं होतं. गोठ्यातून शेण आणलं, बादलीत कालवलं, पदर खोचला आणि अंधारातच ओंजळीनं फेकू लागले. हात सगळं विसरतात असं वाटलं होतं, पण काही विसरले नव्हते. फरा फरा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

चैत्र होता, मोहाची फुलं पडायचे दिवस. सगळ्या गावालाच मोहाचा गोडसर, आंबूस वास होता, त्यामुळे माझ्या पायाशी काय आहे ते नाकालाही कळलं नाही. मोह आमच्याकडे नेहमी मागच्या वाडीत वाळत घालत. पण आदल्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला गावात गेले असताना मागच्या कुंपणातून डुकरं शिरली होती, आणि वहिनीनं सगळा मोह पुढच्या अंगणात आणून पसरला होता. मी परतले तेव्हा अंधार पडला होता, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जरा फटफटलं तेव्हा माय दारात आली.

"अवो पोट्टे!"

मी जागच्या जागी थिजले.

"डोये हायेत का बटन व तुये? मोहावर सडा टाकून राह्यली! तुले कोनं सांगतलं होतं सडा टाकाले? आता हे शेन कोन खाईन, तुया आफ्रिकेतले लोक?"

"मले का मालूम, माय!" मीही ओरडले. "मोह मांगं रायते ना आपला! इथी कोनं आनला?"

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. माय पायरीवर उभी होती, तोंड उघडं. आत भाऊ खाटेवर उठून बसला असावा. त्याचं खो खो हसू बाहेर आलं.

मग आम्ही दोघी अंगणात उकिडव्या बसून फुलं निवडू लागलो; शेणाची बैलांसाठी बाजूला, चांगली सुपात. मायचं तोंड चालूच होतं. मी वांझोटी मेहनत करते, मला लहानपणापासून धड दिसत नाही, बापावर गेले. ऐकून माझं पोट भरत होतं. मग तिनं सूप जवळ ओढलं.

"तू आली अन् 'मला' म्हटली," ती फुलांकडे पाहत म्हणाली. "मले वाटलं, आपल्या बोलन्याची आता तुले लाज येत असंन. म्हनून मास्तरच्या बायकोकडे जाऊन बसू बसू तुयासारखं बोलाले शिकली. लय कठीन हाय व ते. बोलाच्या आंधी इचार करा लागते."

मी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि रडले. तिनं शेणाचा हात तसाच माझ्या केसांवरून फिरवला. "न्हाऊन घेजो मंग," म्हणाली.

दुपारी वहिनीनं ओटी भरली. मायनं निवडलेल्या मोहाची पुरचुंडी पदरात घातली. रेंगी जुंपली, बायका दारात जमल्या, त्यांत मास्तरांची बायकोही होती. माय पुढे आली. तिनं एकदा त्या बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जहाजात काठाशी उभी राहू नोको. तुले दिसत नाई." तिनं रेंगीचा दांडा धरून ठेवला होता. भावानं बैलांना हाक दिली, तेव्हा सोडला. "येजो व, पोट्टे."

"येतो, माय," मी म्हटलं. अगदी मोठ्यानं म्हटलं.