जुझे मास्तर आणि बनियनवरचा सरदार

गाणाऱ्या माणसांची तोंडं एरवीही बंद नसतात, त्यामुळे कॉयरमध्ये गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमच्या वसईच्या चर्चच्या कॉयरचं तर विचारूच नका! मी त्यात पंधरा वर्षं काढली. गायला नाही हो, आवाज बेताचा. पेटी वाजवणाऱ्या जुझे मास्तरांची पानं उलटायला. सगळं ऐकू येईल अशी ती एकच जागा.

मास्तर एकेकाळी गायचेही. तेव्हा मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये असायची. फादर वेदीवरून गायचे, "दोमिनुस वोबिस्कुम", म्हणजे प्रभू तुमच्याबरोबर असो. की वर माळ्यावरून मास्तर अख्खा कॉयर घेऊन उत्तर द्यायचे, "एत कुम स्पिरितू तुओ!", म्हणजे तुमच्याही आत्म्याबरोबर असो. पुढे मिस्सा मराठीत आली. चांगलंच झालं, लोकांना कळायला लागलं. पण त्या दिवसापासून मास्तरांनी गायला तोंड उघडलं नाही. दहा-बारा वर्षं नुसती पेटी.

नव्या फादरनी एकदा विचारलं, "काय मास्तर, देवाला मराठी येत नाही का?"

"त्याला सगळं येतं. पण हाक माझ्या ओळखीची आली तर मी ओ देणार ना?"

आणि त्या वर्षी मास्तरांनी जाहीरच केलं, नाताळनंतर पेटीही बंद. दुसरा वाजवणारा गावात नव्हता. म्हणजे कॉयरच बंद! मी काय उलटणार होते मग, घरी भाकऱ्या?

*

अशात फादरनी बातमी आणली. रोमला शिकताना त्यांच्या ओळखीची झालेली इटालियन मंडळी मुंबईत आली होती, आणि एक खेळ आमच्या शाळेच्या हॉलमध्ये करणार होती. "अडीचशे वर्षांपूर्वीचा विनोदी ऑपेरा आहे," फादर म्हणाले, "पण नव्या पद्धतीने बसवलाय." तो ऐकून मास्तर जरा खुलतील, अशी फादरना आशा.

नवी पद्धत म्हणजे काय, हे कोणी विचारलंच नाही. तिथेच सगळं फसलं.

*

आमचा पास्कू, कॉयरमधला सगळ्यात खालचा आवाज, वालीवला कारखान्यात लेथवर होता. त्याने इंग्रजीतून अर्ज टाकला, ऑपेराकरिता एक दिवस रजा हवी. साहेबांनी घाईत "ऑपरेशन" वाचलं आणि एकाऐवजी आठ दिवस दिले. पास्कू कशाला बोलतोय!

दुसऱ्या दिवशी साहेब शहाळी घेऊन त्याच्या घरी. बघतात तर पेशंट अंगणातल्या माडावर चढलेला!

"अरे उतर! टाके तुटतील!"

वरून पास्कू म्हणाला, "साहेब, अजून व्हायचंय!"

*

खेळाच्या दिवशी पुरुषमंडळींनी लग्नातले कोट काढले. परदेशी माणसं, सरदार-दरकदारांची गोष्ट, आपण गबाळे कसे जाणार? हॉलमध्ये डांबराच्या गोळ्यांचा नुसता घमघमाट.

पडदा उघडला. म्हातारा सरदार आरामखुर्चीत, अर्ध्या चड्डीवर आणि बनियनवर! बाजूला टेलिफोन आणि फ्रिज. गोष्ट अशी, की या सरदाराला घरातल्या तरुण मोलकरणीशी लग्न करायचंय.

पास्कू घाम पुसत म्हणाला, "लग्न त्याचं, आणि कोट मी घातलाय!"

*

हा फ्रिज आमच्या डॉक्टरांचा. गावात दुसरा होताच कुठे? रिकामा करून पाठवा म्हटलं होतं. पण सरदाराने रागारागाने दार उघडलं, तर आत पातेलं! गडी पक्का कलाकार. त्याने झाकण काढलं, वास घेतला आणि त्या पातेल्याकडे बघूनच पुढची ओळ आळवली.

पहिल्या रांगेतून डॉक्टरीणबाई उठल्या, "अहो, बोंबलाचं कालवण आहे, हलवू नका!"

संबंध खेळात सर्वांत मोठी टाळी त्यांना पडली.

*

त्या गाण्यात एकच ओळ दहा-दहा वेळा म्हणायची रीत. पाचूबंदरहून मासे विकायला येणारी रेजिनामावशी माझ्या मागे बसलेली. पाचव्या वेळेपर्यंत तिने दम धरला.

"एकदा सांगितलंस ना रं! परत परत सांगून भाव वाढनार हाय काय?"

हॉल खो-खो हसत होता. मास्तर तेवढे गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. मध्यंतरात मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाले, "आवाज चांगले आहेत. पण ते त्यांचं त्यांचं गातायत. आपलं काय काम?" मला फार वाईट वाटलं. फादरचा चेहराही पडला.

*

मध्यंतरानंतर लग्नाचा सीन. सरदाराला फसवायला त्याचा नोकर खोटा पाद्री बनून येतो. काळा चष्मा, पायात स्लीपर, झगा उलटा. लोक हसायला लागले. त्याने दोन्ही हात पसरले आणि खणखणीत सूर लावला,

"दोमिनुस वोबिस्कुम!"

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. मास्तर उभे होते.

"एत कुम स्पिरितू तुओ!"

त्यांच्यामागून पास्कू, मग अख्खा जुना कॉयर, वरच्या-खालच्या चारी आवाजांत. हसणारे थांबले. म्हातारी माणसं भराभर उभी राहिली. रेजिनामावशीने डोक्यावर पदर ओढला. स्टेजवरच्या पाद्रीने चष्मा काढला, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा एकदा, या खेपेला हळू, गायला,

"दोमिनुस वोबिस्कुम."

आम्ही पुन्हा उत्तर दिलं. मीसुद्धा!

फादर धावत आले. "मास्तर, बसा, बसा! तो नाटकातला पाद्री! प्रेक्षकांनी उत्तर द्यायचं नसतं!"

"मग त्याने हाक कशाला मारली?" मास्तर म्हणाले. आणि मागे वळून, "पास्कू, शेवटी सूर सोडलास. उद्या सहाला सराव!"