सुशीलाबाईंनी मागितलेले खांब

सुशीलाबाई कमी बोलतात, हे आमच्या कर्वेनगरातल्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून त्यांची नोकरी झाली. "बोला", "जोडून देते" आणि "वेळ संपली" एवढ्यावर बाईंनी अख्खी नोकरी निभावली, असं मी गमतीनं म्हणतो. त्यांचे यजमान बाळकाका मात्र रस्त्यातल्या कुत्र्याचीही ख्यालीखुशाली विचारणारे. तळमजल्यावरच्या त्यांच्या दाराला बाईंनी पाटी लावली आहे: 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. दार उघडले जाणार नाही.' अशा पाटीला आमच्याकडे कोणी हसत नाही. पाळतात.

सोसायटीच्या भिंतीला लागून एक बोळ आहे, महापालिकेचा. मागच्या वस्तीतली माणसं त्यातूनच बसला, कामाला आणि शाळेला जातात. चालणाऱ्यांचं काही नाही हो, पण दुचाकीवाले त्यातून असे सुटतात की विचारू नका. गेल्या वर्षी अशाच एकानं बाळकाकांना उडवलं आणि पळून गेला. खुबा मोडला. काका तेव्हापासून व्हीलचेअरवर आहेत. संध्याकाळी बाई त्यांना त्याच बोळातून पलीकडच्या बागेत नेतात. दिवसभरात काकांना तेवढंच बाहेरचं जग दिसतं.

बोळाला फाटक घालून कुलूप लावावं, असा अर्ज मी सोसायटीचा सचिव म्हणून केला. क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला सभेत तो विषय आला. भटकी कुत्री, न येणारी घंटागाडी आणि वरच्या मजल्यावर न चढणारं पाणी यांच्यानंतर आमचा नंबर लागला. मी मुद्देसूद बोललो. सुशीलाबाईंना मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. हुकमाचं पान लोक शेवटीच टाकतात.

आधी वस्तीतल्या इंदुबाई उठल्या. तीन-चार घरी पोळ्या करतात, मूळच्या लातूरकडच्या.

"मॅडम, आमचे लेकरं ह्याच बोळातून शाळेत जातेत. कुलूप लावलात तर मोठ्या रस्त्यानं जावं लागंल. तिथं डंपर हाय, डंपर."

"आणि इथं आमची म्हातारी माणसं मरू द्यायची का?" मागून आमचेच एक सभासद म्हणाले.

अधिकारी उत्कर्षा मॅडमनी सुशीलाबाईंकडे पाहिलं. "आजी, आपलं काय म्हणणं आहे?"

बाई उठल्या. आवाज तोच, ट्रंक कॉल जोडणारा, एकेक शब्द सुटा.

"हे पडले तेव्हा मी घरात होते. खिडकी बोळावरच आहे. पडल्याचा आवाज मी ऐकला. दुपारची कोणाची कटकट म्हणून उठले आणि खिडकी लावून घेतली."

बाईंनी इंदुबाईंकडे हात दाखवला.

"वस्तीतल्या माणसांनी यांना उचललं. इंदुबाई दारापर्यंत आल्या. पाटी वाचली. हेही म्हणाले होते, तिला उठवू नका. मग त्यांनीच यांना टेम्पोत घालून दवाखान्यात पोचवलं. इंदुबाई परत आल्या आणि माझ्या पायरीवर बसून राहिल्या, मला हे फोनवरून कळायला नको म्हणून. चार वाजता बेल वाजली. माझा नवरा दवाखान्यात, आणि या माझ्या झोपेची राखण करत बसल्या होत्या."

मी इंदुबाईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून पदराचं टोक पिळत होत्या, जणू चूक त्यांचीच होती. काकांना दवाखान्यात कोणी नेलं, हे वर्षभरात आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं.

"फाटक नको," बाई म्हणाल्या. "बोळाच्या दोन्ही तोंडांशी गुडघ्याएवढे लोखंडी खांब रोवा, जवळ जवळ. गाडी अडेल, माणूस जाईल."

मॅडमना पटलं, पण त्या घुटमळल्या. "आजी, दुचाकी अडेल असे खांब घातले तर आजोबांची व्हीलचेअरही अडेल."

"माहीत आहे."

"मग त्यांची बाग?"

बाईंचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "यांना विचारून आले आहे. हे म्हणाले, पोरं डंपरखाली जाण्यापेक्षा मी खिडकीत बसेन."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. अर्जाचा कागद हातात धरून मी तसाच उभा होतो. या बाईंना मी पंचवीस वर्षं ओळखतो असं समजत होतो. ओळखत होतो ती दारावरची पाटी. एवढं मोठं माणूस आपल्या शेजारी राहतं आणि आपण त्याच्याकडे देखभाल खर्चाची थकबाकी विचारायला जातो, या विचारानं मला घाम फुटला. "केदार, बस आता खाली," बाई हळूच म्हणाल्या, आणि मी शाळकरी पोरासारखा बसलो.

तेवढ्यात इंदुबाई बसल्या जागेवरूनच बोलल्या. "काका कशाला खिडकीत बसतेत? आम्ही उचलू की."

खांब बसले. पहिल्या संध्याकाळी मी बाल्कनीतून बघत होतो. बाई खुर्ची ढकलत बोळाच्या तोंडाशी आल्या आणि थांबल्या. हाक मारणं त्यांच्या स्वभावात नाही. पण बोळातून इंदुबाई आणि एक बाप्या येतच होते. त्यांनी दोन बाजू धरल्या. काका जड आहेत, खुर्ची एकीकडे कलली.

मी चपला न घालताच खाली पळालो आणि मागचं चाक धरलं. खांबांच्या वरून जाताना काका राजासारखे हात हलवत होते.

"केदार, नीट धर," सुशीलाबाई म्हणाल्या. "रोजचं आहे हे."