मंगळवारची वाळू

मान्सा पहिल्यांदा सगळ्यांच्या नजरेस पडली ती एका मंगळवारी. मंगळवारी त्या किनाऱ्यावर कुणी होडी लोटत नाही; तो दिवस समुद्राचा. माणसं माडांखाली जाळी सांधत बसतात. अशा ओस वाळूत एक बाई पत्र्याच्या तुकड्यानं खड्डा खणत होती आणि शेजारी फडक्यावर तिचा नऊ वर्षांचा मुलगा बसला होता. खणून झाल्यावर तिनं त्याला खड्ड्यात उभं केलं, कमरेपर्यंत वाळू लोटली, पायानं दाबली आणि स्वतः बाजूला मटकन बसली. इतकं दमलेलं माणूस सकाळच्या प्रहरी सहसा दिसत नाही.

"काय गं, जिवंतपणीच पुरतेस का लेकराला?" मासे भाजणारी एफ्वा लांबून ओरडली.

"तुला पुरायला वेळ नाही, म्हणून याला," मान्सा म्हणाली. हसली मात्र नाही.

मुलाचं नाव कोबिना. सातव्या वर्षापर्यंत पळत होता. मग पडायला लागला, मग उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकून उठायला लागला. शहरातल्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं: स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे, बरा होत नाही, गोळ्यांनी पाय आणखी थोडे दिवस साथ देतील. मान्सानं सगळं ऐकलं, एक 'बरा होत नाही' तेवढं सोडून.

मग सुरू झाले तिचे उपाय. आलं-मिरचीच्या पाण्याचा एनिमा दिला. पोर दोन दिवस कळवळत होतं. प्रार्थनेच्या छावणीत राहून दोघांनी उपास केले. औषधी मुळ्यांची राख तेलात कालवून ती रोज त्याच्या पोटऱ्या चोळायची. आजारानंच पोटऱ्या टणक, भरलेल्या दिसायच्या, आणि त्या बघून तिला दर वेळी वाटायचं, ताकद येतेय. इस्पितळात विचारायचे, "घरी आणखी काही करता का?" ती म्हणायची, "नाही हो, बाई." ओरडा खायलाही बळ लागतं, ते तिच्याकडे उरलेलं नव्हतं.

शेवटी ती याबा म्हातारीकडे गेली. पंचक्रोशीत मुलांची हाडं-सांधे तीच बघायची.

"मंगळवारी जन्मलेला ना पोरगा? मग समुद्रच त्याला उभा करील," याबा म्हणाली. "दर मंगळवारी वाळूत रोव. पण दुसऱ्या कुठल्या वारी रोवलंस तर केलेलं सगळं पाण्यात. मग माझ्या दारात रडत येऊ नकोस."

वर्षभर मान्सानं एकही मंगळवार चुकवला नाही. पाठीवर मुलगा, डोक्यावर पाणी आणि केंकीचे, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, उंडे. कोबिना वाढत होता आणि तिची पाठ मात्र तेवढीच होती.

एका मंगळवारी वाळूतून वर काढताना तो म्हणाला, "आई, उद्या रोव ना मला."

"उद्या बुधवार आहे."

"म्हणूनच. उद्या सगळे मिळून रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढणार आहेत."

"म्हातारीनं काय सांगितलंय? दुसऱ्या वारी औषध लागत नाही."

"मला औषधाला नाही गं रोवून घ्यायचं. मंगळवारी इथे असतं कोण? खेकडे!"

संध्याकाळी धुरीवरची मासळी उलटताना मान्सा त्याचाच विचार करत होती. बुधवारी रोवलं की वर्षाचे सगळे मंगळवार गेले. पण गेल्या वर्षी वाळूतून काढल्यावर तो चार पावलं तरी टाकायचा. आता तिच्या गळ्यालाच लोंबकळत होता. डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य तिनं ऐकलं नव्हतं असं नाही. न ऐकल्यासारखं करून करून ती थकली होती.

बुधवारी ती मुलाला घेऊन रापणीवर आली. दोरावरचे पुरुष बघतच राहिले.

"मान्सा, वार चुकला की काय?" रापणीचा मुख्य, म्हातारा अत्ता म्हणाला.

"वार बरोबर आहे. त्याच्या हातात दोर द्या."

तिनं खड्डा खणला आणि कोबिनाला दोराच्या शेपटाशी रोवलं. ओढणं सुरू झालं. लाट मागे फिरली की दोर समुद्राकडे खेचला जायचा आणि सगळ्यांच्या टाचा घसरायच्या. कोबिनाच्या हातात जोर बेताचाच होता. पण तो जागचा हलला नाही.

"बघा रे गाढवांनो!" अत्ता ओरडला. "पोटभर खाऊन तुम्ही घसरताय, आणि हा बघा!"

मग ओढणाऱ्या प्रत्येकाला मिळतो तसा त्यालाही वाटा मिळाला, वाडगाभर तारल्या.

"आई, हे मासे माझे. तुझ्या मासळीत मिसळायचे नाहीत," तो म्हणाला.

याबानं दार लावून घेतलं, ते अजून उघडलेलं नाही. पुढच्या खेपेला इस्पितळात तोच प्रश्न आला तेव्हा मान्सानं एनिमापासून राखेपर्यंत सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. एनिमा कायमचा बंद करा म्हणाल्या. आणि वाळूत ठेवायचाच असेल तर डोक्यावर सावली करा, भरतीची वेळ सांभाळा, मुलाला एकटं सोडू नका.

कोबिना आता बारा वर्षांचा आहे. गुडघे सरळ होत नाहीत, त्यामुळे खड्डा बसण्यापुरताच खणावा लागतो. रापण असेल त्या दिवशी मान्सा तो खणते. मंगळवारी ती झोपते.