चोवीस तास आधी

आमची एनिड नियमानं वागते, आणि तिच्या पायी मला वेड लागायची पाळी आलीय. थोरली बहीण असली म्हणून काय झालं, बोलायचं तिथे मी बोलणारच. टेंटर स्ट्रीटवर चौदा नंबरात ती राहते. शेजारचं सोळा नंबर तिच्या नवऱ्यानं जायच्या आधी घेऊन ठेवलं होतं, ते ती भाड्यानं देते. भाडेकरू एकच, सिरिल. जन्मभर बस चालवली, आता घरी बसलाय, मागेपुढे कुणी नाही. वीस वर्षांत एनिडनं त्याचं भाडं एकदाच वाढवलं, तेही त्यानंच मागे लागून वाढवायला लावलं.

दर रविवारी एनिड मागच्या अंगणातून त्याच्या स्वयंपाकघरात जायची. ताटावर ताट झाकलेलं, आत भाजलेलं बीफ, बटाटे, वर कढत ग्रेव्ही. किल्ली एप्रनच्या खिशात. सकाळी त्याचा मागचा पडदा उघडलेला दिसला की हिची केटली चढायची. असं छान चाललं होतं.

मग नगरपालिकेनं परवाने काढले. आमच्या भागात घर भाड्यानं द्यायचं तर परवाना हवा, पाच वर्षांचे आठशे पाउंड. वाईट मालकांना धडा शिकवणार म्हणे. गोळा होणारा पैसा दुसरीकडे कुठे जाणार नाही, घरांच्या तपासणीवरच खर्च होईल, असं पत्रकात छापलं होतं. एनिडनं पहिल्याच आठवड्यात पैसे भरले. बैठकीच्या खोलीत नवा गालिचा घालायचा म्हणून साठवलेले होते ते. थोडं सिरिलवर टाक म्हटलं, तर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आणि पैसा तपासणीवर खर्च झाला हो! एनिडच्याच घराच्या तपासणीवर. समोरच्या तीन नंबरात भिंतींना काळी बुरशी, पोरं रात्रंदिवस खोकतात, मालक कोण ते देवाला ठाऊक. त्यानं अर्जच केला नाही, म्हणून तो यादीत नाही, म्हणून तिथे कुणी जात नाही. हे मला ओल्डरॉइड नावाच्या तपासनिसानं अगदी शांतपणे समजावून सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा ओल्डरॉइड पोरगा वाईट नव्हता. त्यानं सोळा नंबरचा धूर झाला की वाजणारा भोंगा वाजवून पाहिला, जिना पाहिला, आणि जाता जाता एनिडच्या हातातली किल्ली पाहिली. तुम्ही यांच्या घरात केव्हाही जाता का, म्हणून विचारलं. मग सांगितलं, की ते आता त्यांचं खाजगी घर. चोवीस तास आधी लेखी कळवायचं. नाहीतर तो छळ धरला जाऊ शकतो, परवाना रद्द होतो, आणि परवाना नसेल तर घर भाड्यानं देता येत नाही.

छळ हा शब्द ऐकून एनिड कानापर्यंत लाल झाली. पण तिच्या मनात घर केलं ते शेवटच्या वाक्यानं. परवाना गेला तर सिरिल जाणार कुठे, या वयात?

तेव्हापासून दर शनिवारी बारा वाजता सिरिलच्या पुढच्या दारातून चिठ्ठी पडू लागली. उद्या दुपारी एक वाजता जेवणाचं ताट घेऊन घरात प्रवेश करण्यात येईल, खाली सही. नक्कल हिच्या फायलीत. सिरिल हसायचा. मी कपाळावर हात मारून घ्यायची.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मी चार वाजता चहाला गेले, तर एनिड स्वयंपाकघरात सामाईक भिंतीकडे तोंड करून बसलेली. किल्ली मांडीवर. केटली थंड.

"त्याचा पडदा उघडला नाही सकाळपासून," ती म्हणाली. "मागचं दार वाजवलं. मग पुढून चिठ्ठी टाकून आले."

"चिठ्ठी?"

"उद्या नऊला चोवीस तास होतात, मार्ज."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. किल्ली हिसकावली आणि पळाले. सिरिल जिन्याच्या पायथ्याशी पडलेला, खुबा मोडलेला, ओठ निळे. आवाज असा फुटतच नव्हता. चिठ्ठी समोर दाराशी, त्याचा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर.

"कागद पडताना दिसला," तो पुटपुटला. "म्हटलं, चला, उद्या येईल ती."

माझ्या मागे एनिड उंबऱ्याबाहेर उभी होती. ये आत, मी ओरडले, तेव्हा कुठे आली.

तो वाचला. उन्हाळ्याच्या तोंडाशी काठी टेकत घरी आला. मग ओल्डरॉइड पुन्हा आला, तेही आमच्याकडेच. नोटिसांची फाइल पाहून खूष झाला. इतकी व्यवस्थित मालकीण पाहिली नाही म्हणाला. एनिडनं त्याला एवढंच विचारलं, की त्या मंगळवारी तिनं आत जायला हवं होतं का.

"अर्थात," तो म्हणाला. "आणीबाणीत नोटीस लागत नाही. नियमांच्या पुस्तिकेत सतराव्या पानावर आहे."

"वाचलंय मी ते. पडदा न उघडणं ही आणीबाणी आहे का, ते कुठल्या पानावर आहे?"

तो कागद चाळत राहिला. सापडलं नाही. जाताना सिरिलचं मागचं दार नुसतं लोटलेलं दिसलं, तेवढं मात्र लिहून घेतलं. आठवड्यात पत्र आलं, की दाराला कुलूप असणं ही परवान्याची अट आहे.

सिरिलनं ते पत्र चुलीत घातलं. दार तो दिवसभर सताड उघडं ठेवतो. तिला येता यावं म्हणून. तिला तसं दहादा सांगितलंय, मीही सांगितलंय.

आणि ही बया रविवारी झाकलेलं ताट घेऊन त्या उघड्या दारात उभी राहते, चौकटीवर टकटक करते, आणि तो ये म्हणेपर्यंत पाऊल आत टाकत नाही. त्याला हल्ली कमी ऐकू येतं. ग्रेव्ही गार होऊन जाते.